दोघांची गाडी

५ ऑक्टोबर

विनेताने ही वही आणून दिली. म्हणाली, "बोलत तर नाहीसच, निदान लिही." माझ्या पोटात काहीतरी साचलंय आणि ते कागदावर ओतलं की घरात शांतता नांदेल, असं माझ्या बायकोला वाटतं. बघू.

साचलंय हे खरं. मी छत्तीस वर्षांचा आहे. आमच्या सिगुल्दा गावात मोद्रिस म्हटलं की आडनाव विचारायला लागत नाही. युरोपच्या स्पर्धेत ब्राँझ मिळालं, तो दिवस बेकरीवाल्या बाईंना माझ्यापेक्षा जास्त आठवतो. फेब्रुवारीत ऑलिंपिक आहे, माझं तिसरं आणि शेवटचं. पहिल्यात आम्ही तोंडं बघायला गेलो होतो, दुसऱ्यात सातवे आलो. या खेपेला पदक घ्यायचं आणि थांबायचं, असं मी आणि रेनार्सने ठरवलंय.

रेनार्स माझा ब्रेकवाला. आमची बॉबस्ले, म्हणजे बर्फाच्या उतरणीवरून घसरत येणारी गाडी, दोघांची. दोघांनी मिळून ढकलायची, आधी मी उडी मारून पुढे बसायचं, मग तो मागे. मी दोऱ्या धरून वळणं घेतो. तो मान गुडघ्यांत घालून बसतो आणि खाली पोचल्यावर ब्रेक ओढतो. त्याला ट्रॅक दिसतच नाही. अकरा वर्षं तो असा माझ्या पाठीमागे काहीही न बघता खाली येतोय. लोक म्हणतात, ढकलणाऱ्याला काय, नुसती ताकद लागते. मी तसं कधी म्हणत नाही. मनात येतं, पण म्हणत नाही.

गाडीखालच्या नव्या पोलादी पात्या मात्र संघातल्या निक्लाव्सच्या गाडीला मिळाल्या. कालचं पोरगं ते! आमचे कोच ओयार्स म्हणाले, "तुझ्या जुन्या पात्या तुझ्या हाताला बसल्यात रे." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

१४ ऑक्टोबर

आज उलटलो. विनेता विचारणारच, म्हणून आधी स्वतःलाच नीट सांगून बघतो.

सहाव्या वळणातून बाहेर पडताना गाडी भिंतीवर चढली आणि पालथी झाली. पुढचा सगळा उतार आम्ही डोक्यावर आलो. हेल्मेट बर्फावर घासायला लागलं की कवटीच्या आत कोणीतरी करवत चालवतंय असं वाटतं. खाली थांबल्यावर रेनार्स आधी बाहेर पडला. त्याचा खांदा बर्फाने भाजला होता, सूट फाटून आतलं लाल दिसत होतं. तरी तो माझ्या तोंडाशी वाकून ओरडत होता, "मोद्रिस, बोल! काहीतरी बोल!"

"काय बोलू? वेळेवर बसला नाहीस तू," मी म्हटलं.

ओयार्स धापा टाकत आले. सत्तरीचा माणूस, बर्फावरून पळत आला. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आज वार कोणता?"

"मंगळवार."

बुधवार होता. सरावाच्या दिवसांत वार कोण लक्षात ठेवतो? ते म्हणाले, डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, दाखवा की, तुमचं डोकं दाखवा. सगळे हसले. रेनार्स हसला नाही, पण त्याचा खांदा दुखत असणार.

घरी येऊन विनेताला सांगितलं, सराव छान झाला.

२३ ऑक्टोबर

विनेताने स्वयंपाकघरात नवा दिवा लावलाय, ऑपरेशनच्या खोलीत असतो तसला. डोळ्यांत सुया टोचतात. म्हणते, "अरे, दिवा तोच आहे, दोन वर्षं झाली." शेवटी मी तो काढूनच ठेवला. जेवण मेणबत्तीवर झालं. एल्झाला मजा वाटली. "वाढदिवस कोणाचा आहे?" म्हणाली.

एल्झा सात वर्षांची आहे. संगीतशाळेत कोक्ले वाजवायला शिकते. मांडीवर घेऊन तारा छेडायच्या, आजीपासून चालत आलेलं वाद्य, म्हणून घरात सगळ्यांना कौतुक. जेवणानंतर ती तेच तेच चार सूर वाजवत बसली. मी ओरडलो. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला इतक्या जोरात ओरडलो. एल्झाने कोक्ले पिशवीत घातलं आणि पिशवीची चेन अगदी सावकाश लावली, आवाज होऊ न देता.

ते आवाज होऊ न देणं मला फार लागलं. पण ऑलिंपिकच्या वर्षात माणसाला घरात थोडी शांतता नको का?

१० नोव्हेंबर

मार्टिनचा सण, आजपासून हिवाळा लागला. विनेताने बदक भाजलं, सोबत आंबट कोबी. रेनार्स जेवायला होता. घटस्फोट झाल्यापासून सणासुदीला तो आमच्याकडेच असतो. एल्झा त्याच्या पाठीवर बसून घरभर हिंडते.

मी तळघरातून सफरचंदांचा रस घेऊन वर आलो, तर हा आणि विनेता चुलीपाशी डोकं डोक्याला लावून कुजबुजत होते. मला बघून गप्प.

"कसली खलबतं चाललीत?"

"कोबी फार आंबट झालाय का, ते बघत होतो," रेनार्स म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात.

विनेताचे डोळेही लाल होते. कांद्याने म्हणे. बदकात कांदा नव्हता.

मी काही मूर्ख नाही.

१६ नोव्हेंबर

एल्झाला आज संगीतशाळेतून मी आणायचं होतं, असं विनेताचं म्हणणं. असं काही ठरलंच नव्हतं. पोरगी तासभर शाळेच्या पायरीवर बसून राहिली. शेवटी रेनार्स जाऊन घेऊन आला. त्याला कसं कळलं? विनेताने फोन केला. मग मला का नाही केला? केला होता म्हणे, तीन-चारदा. आणि मी उचललाही होता म्हणे. "निघतोच" म्हणालो होतो म्हणे.

माझ्या तोंडी काय वाटेल ते घालायची यांची आता तयारी झालीय.

३० नोव्हेंबर, आल्टेनबर्गहून परत

तिथल्या शर्यतीत आमच्या मागे फक्त दोन गाड्या होत्या, आणि त्या ज्या देशांच्या, तिथे बर्फच पडत नाही.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत, कसं लिहू? वळण आलं आणि ते कोणतं, हेच मला कळेना. समोर नुसतं पांढरं, हातात दोऱ्या आणि त्यांचं काय करायचं ते ठाऊक नाही. एक क्षण. एवढ्यात रेनार्सचा गुडघा माझ्या पाठीत लागला, मी दोरी ओढली, भिंत घासत बाहेर पडलो. या माणसाला अकरा वर्षांत नीट बसता येत नाही.

खाली रिगाच्या वर्तमानपत्राचा एक जण उभाच होता. "काय चुकलं?" मी म्हटलं, "सुरुवातीला मागून हवा तेवढा जोर आला नाही." रेनार्स शेजारीच उभा राहून हेल्मेट पुसत होता. त्याने मान हलवली. म्हणजे हो, बरोबर आहे. ढकलण्यात आम्ही सगळ्यांत पाचवे होतो, ते पाठीमागे फलकावर लिहिलेलं होतं. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

परतीला व्हॅन रेनार्सने चालवली, सबंध पोलंड ओलांडेपर्यंत. मी मागे आडवा. सारखी थांबवायला लावून ओकत होतो. तिथलं सॉसेज शिळं होतं. रेनार्सनेही तेच खाल्लं होतं, पण त्याचं पोट घोड्याचं.

५ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पुढे मला कोणी खोटं पाडायला नको.

ट्रॅकजवळच्या शेडमध्ये आम्ही पात्या घासत होतो. रेनार्स हात न थांबवता म्हणाला, "मला तुझ्यामागे बसायची भीती वाटते."

"काय?"

"ऐकलंस तू."

"अकरा वर्षांनी भीती वाटायला लागली? म्हातारा झालास, दुसरं काय."

"मोद्रिस, तू उशिरा वळवतोस. आधी वळण यायच्या आत तुझे खांदे हलायचे. आता वळण आल्यावर हलतात. कधीकधी तेव्हाही नाही."

"तुला काय दिसतं रे? मान खाली घालून बसणारा तू. तुझ्या जागी बटाट्याचं पोतं ठेवलं तरी गाडी खाली येईल."

हे मला म्हणायचं नव्हतं. पण निघालं.

तो चिडला नाही. त्याचं न चिडणं मला कायम डोक्यात जातं. "दिसत नाही म्हणूनच कळतं," तो म्हणाला. "तुझी पाठ मला पाठ आहे. गेल्या हिवाळ्यापासून अवघड वळणाच्या आधी मी तुला गुडघा मारतोय. तुला काय वाटलं, मला नीट बसता येत नाही?"

मला तसंच वाटलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही.

"आणि वर्षभर गप्प राहिलास?"

"पदक राहिलं होतं ना आपलं." त्याने पहिल्यांदा मान वर केली. "माझाही लोभ होताच की. आल्टेनबर्गला तू वळवतच नव्हतास. मी दोनदा मारला. दुसऱ्यांदा जीव खाऊन मारला."

"पदक राहिलंय, की माझी बायको?"

सँडपेपर त्याने हळूच बाकावर ठेवला. मला वाटलं, आता हा मला हाणणार. खरं तर मला तेच हवं होतं. दोन ठोसे, चार शिव्या, मग बियर, असंच आमचं मिटतं. पण तो उभा राहिला आणि म्हणाला, "विनेता रोज रडते, मोद्रिस. माझ्यासाठी नाही. तू डॉक्टरकडे जा. सोमवारपर्यंत गेला नाहीस तर मी ओयार्सना सांगणार."

"सांग की. पाठीत सुरा खुपसायला तुझ्याइतकी सोयीची जागा आहे कोणाची?"

तो गेला. त्याच्या वाटच्या पात्याही मीच घासल्या.

१२ डिसेंबर

सांगितलंच त्याने.

ओयार्सच्या खोलीत रिगाहून आलेली एक डॉक्टरीण बसली होती. वेणी घातलेली, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. झोप कशी लागते, राग येतो का, आवाज सहन होतो का. राग येतो का म्हणे! मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे बघून यायला लागलाय. ती लिहीत राहिली.

मग ओयार्स म्हणाले, "हिचे प्रश्न राहू देत. मोद्रिस, डोळे मीट, आणि आपला ट्रॅक खाली ये."

हे आम्ही सगळेच करतो. शर्यतीआधी कोपऱ्यात उभं राहायचं, डोळे मिटायचे, हातांत दोऱ्या आहेत असं समजून वरपासून खालपर्यंत सगळी वळणं मनातल्या मनात घ्यायची. नवख्या माणसाला वेड्यांचं इस्पितळ वाटेल. माझे वडील या ट्रॅकवर पाणी फवारून बर्फ बनवायच्या कामावर होते. मी चालायला तिथे शिकलो. मी डोळे मिटले आणि खाली आलो. मस्त आलो. भिंतीला धक्कासुद्धा लागला नाही.

डोळे उघडले तर ओयार्स खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते.

"सोळा वळणं आहेत बाळा. तू पंधरा घेतलीस."

"तुमचं मोजायला चुकलं."

"परत घे."

परत घेतली. या वेळी मुद्दाम सावकाश. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं.

म्हाताऱ्याची दृष्टी अधू झालीय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण निकाल माझ्यावर. इतक्या वर्षांचे धक्के डोक्यात साचलेत म्हणे. हा मोसम संपला. पुढचाही बहुतेक. डोक्याचे फोटो काढायचे, अंधारात पडून राहायचं, टीव्ही नाही, आणि रस्त्यावर गाडी चालवायची नाही. मला! बर्फाच्या नळीतून मरणाच्या वेगाने गाडी आणणाऱ्या माणसाला सांगतात, मोटार चालवू नका.

रेनार्स आता निक्लाव्सच्या मागे बसणार. नव्या पात्यांवर. झालं की नाही? गुडघा मारता मारता त्याने आपली जागा करून घेतली.

ओयार्स दारापर्यंत आले. "तो तीन दिवस माझ्या दाराशी येऊन परत जात होता," म्हणाले. "चौथ्या दिवशी आत आला आणि खुर्चीत बसून रडला."

छान. रडायलाही येतं त्याला.

१३ डिसेंबर

कोणाशी बोललो नाही.

२४ डिसेंबर

नाताळ. रेनार्स दारात आला. एल्झासाठी खोकं, विनेतासाठी आल्याची बिस्किटं. एल्झा मोजे घातलेल्या पायांनी घसरत दाराकडे धावली. मी तिला मागे घेतलं आणि त्याला म्हटलं, "या घरात तुझं काही काम नाही."

"बाबा, रेनार्सकाका आहे तो," एल्झा मला समजावून सांगायला लागली, जणू मी त्याला ओळखलंच नाही.

त्याने खोकं उंबऱ्यावर ठेवलं, तिला म्हणाला, "नाताळच्या शुभेच्छा, उंदीरमामा," आणि बर्फातून चालत गेला. सणाला याला दुसरं कुठलं घर नाही, हे मला माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच म्हटलं.

जेवताना करडे वाटाणे होते, डुकराच्या चरबीत परतलेले. आज ताटात वाटाणे उरले तर येत्या वर्षात तेवढं रडावं लागतं, असं मानतात. विनेता आणि एल्झाने ताटं चाटूनपुसून साफ केली. मी अर्धे टाकले.

१९ जानेवारी

रस्त्यावर बर्फ होता. हे आधीच लिहून ठेवतो.

विनेता कामावर होती. एल्झाला शाळेतून शेजारीण आणणार होती. मी म्हटलं, बाप अजून जिवंत आहे. मोटार काढली. मला बघताच एल्झाला आनंद झाला, म्हणाली, "बाबा, तुला चालवायला परवानगी मिळाली?" मी म्हटलं, मिळाली. मग तिला तुरायदाच्या टेकडीवर घसरायला न्यावं असं मनात आलं. किती दिवसांत आम्ही दोघं कुठे गेलो नव्हतो. ती मागच्या सीटवर गात होती. मी ओरडलो नाही. मला ते गाणं आवडत होतं, हे मुद्दाम लिहितो.

रस्ता गाउया नदीच्या दरीत वळणावळणाने उतरतो. मोटार सरळ गेली. एका झाडाला घासून खड्ड्यात.

एल्झाचा हात मोडला. दोन ठिकाणी.

पोलीस आला, त्याने मला ओळखलं. "ऑलिंपिकला जाणार नाही का?" म्हणाला. मी म्हटलं, रस्त्यावर मीठ टाकत नाहीत तुमचे लोक. त्याने वाकून बोटाने रस्त्याला स्पर्श केला, बोट जिभेला लावलं, आणि मला दाखवलं. खारट होतं म्हणजे.

इस्पितळात नर्स एल्झाला विचारत होती, काय झालं बाळ? मी पडद्याच्या अलीकडे होतो. एल्झा शाळेतला धडा सांगावा तसं सांगत होती, "वळण आलं होतं. बाबांनी वळवलंच नाही. मी म्हटलं, बाबा, वळण. मग मोठ्याने म्हटलं, बाबा, वळण! पण ते ऐकत नव्हते. ते हसत होते."

मी हसत होतो?

२३ जानेवारी

विनेता एल्झाला घेऊन तिच्या आईकडे गेली, त्सेसिसला. प्लास्टर निघेपर्यंत, म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे फेब्रुवारीअखेर परत. एल्झाचे उन्हाळ्याचे कपडेही तिने बॅगेत भरले. बायकांना सामान जास्तच लागतं.

निघताना तिने माझं डोकं छातीशी धरलं, बराच वेळ. मग म्हणाली, "मी तुझ्यावर चिडलेली नाही. मला फक्त आता तुझी भीती वाटते."

हे शब्द मी ऐकलेत आधी. दुसऱ्याच्या तोंडून.

२४ जानेवारी

स्वयंपाकघरात बसून डोळे मिटले आणि ट्रॅक खाली आलो. मग पुन्हा. पूर्ण आलो की नाही, ते कळायला मार्ग नाही. मोजायला घरात कोणी नव्हतं.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरणीने टीव्ही बघू नका सांगितलंय. बघितला. पडदे ओढून, आवाज बंद करून, काळा चष्मा लावून.

निक्लाव्स आणि रेनार्स चौथे आले. पदक पापणीच्या केसाइतक्या अंतराने गेलं.

मी टाळी वाजवली. एकटाच, रिकाम्या घरात, उभं राहून टाळी वाजवली. बरं झालं. घे नव्या पात्या. मग कॅमेरा खाली गेला. निक्लाव्स हेल्मेट काढून गुडघ्यांवर बसला होता आणि रेनार्स त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, लहान मुलाला झोपवावं तसा. पदक त्याचंही गेलं होतं. पस्तिशीचा आहे, परत जाणार नाही. त्याच्या पाठीवरून कोण हात फिरवणार?

अकरा वर्षं ते काम माझं होतं. मी एकदाही केलं नाही. त्या दोन ऑलिंपिकनंतरही हात फिरवला होता तो त्यानेच, माझ्या पाठीवरून.

टीव्ही बंद केला. ओकलो. आज सॉसेज खाल्लं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

ट्रॅकवर गेलो. आज तिथे कोणी नव्हतं, सगळे अजून परदेशात. कडेच्या पायवाटेने वरून खाली चालत आलो, भिंतीला हात लावत, एकेका वळणाचं नाव घेत. लहानपणी वडिलांच्या मागून पाण्याची नळी ओढत इथूनच चालायचो.

नवव्या वळणापाशी थांबलो. ते कुठून आलं, कळेना. सिमेंट जुनं, भेगा जुन्या, कोपऱ्यात गंजलेली कडी, म्हणजे नवं बांधलेलं नव्हतं. तरी मला वाटलं, मी हे आज पहिल्यांदा बघतोय. परक्याच्या अंगणात चुकून शिरल्यासारखा उभा होतो. हात लावून बघितला. गार होतं. बाकी काहीच नाही.

म्हणजे म्हाताऱ्याने बरोबर मोजलं होतं.

म्हणजे रेनार्स खरं बोलत होता. शेडमध्येही, आल्टेनबर्गलाही, गेला अख्खा हिवाळाही. चुलीपाशी तो आणि विनेता माझ्याबद्दलच बोलत होते. मला हे कळतंय, आणि कळूनही माझ्या मनात त्याच्याबद्दल जे आहे ते कमी होत नाही. उलट वाढलंय. तो चुकला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

९ मार्च

दारावर थाप. रेनार्स. आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"त्सेसिसला जायचं का?" तो म्हणाला. "प्लास्टर निघालंय तिचं. विनेताने सांगितलं, तू आलास तर चालेल."

"मी चालवत नाही. लायसन घेतलं काढून."

"माहीत आहे. मी चालवतो."

"उपकार?"

"हो," तो म्हणाला. "कर सहन."

गेलो. वाटेत बर्चची झाडं उघडीवाघडी, शेतांत बर्फाचे मळके तुकडे. तो ऑलिंपिकबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. चौथे आलात, वाईट वाटलं, एवढं तोंडातून निघावं म्हणून मी निम्मा रस्ता खटपट केली. शेवटी जे निघालं ते असं, "निक्लाव्स शेवटचं वळण रुंद घेतो."

"घेतो," रेनार्स म्हणाला. "तू नसतं घेतलंस."

एवढंच. त्यात मलम होतं की मीठ, मी ठरवू शकलो नाही. माफी मागायची होती. मागितली नाही. त्याच्या खांद्यावरचा भाजल्याचा डाग शर्टाच्या गळ्यातून दिसत होता, मी तो बघत बसलो आणि मागितली नाही.

विनेताच्या आईचं घर गावाबाहेर आहे. बेल मी वाजवली. दार एल्झाने उघडलं. हात बारीक झालाय, कोपरापाशी अजून पूर्ण सरळ होत नाही. उंच झाल्यासारखी वाटली. मी आणलेलं चॉकलेट पुढे केलं. म्हटलं, "चल, किल्ल्याकडे चक्कर मारून येऊ. बाहेर गाडी उभी आहे."

तिने चॉकलेट घेतलं नाही. माझ्या काखेखालून वाकून बाहेर रस्त्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कोणी चालवली?"

"रेनार्सकाकाने."

"परत जातानाही तोच चालवणार?"

"तोच."

"मग येते," एल्झा म्हणाली आणि बूट घालायला खाली बसली.